शुक्रवारचे दोन तास

"सातच्या आत यायचं," असा पहिला धडा देऊन चारुदत्तने निखिलला भिंतीकडच्या टेबलावर बसवलं. दुबईत अल कुसैसमधल्या एका हॉटेलच्या तळमजल्यावरचा तो डान्स बार अजून रिकामा होता. स्टेजवर नऊ मुली ओळीने उभ्या होत्या. एक नाचत होती, बाकीच्या आपली पाळी येईपर्यंत एसीकडे बघत होत्या. गिऱ्हाइकं म्हणाल तर हे दोघेच.

चारुदत्त हा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅक्टरीत क्वालिटी मॅनेजर. निखिल त्याच्या हाताखाली, गेल्याच आठवड्यात कायम झालेला. चारुदत्तचं बिऱ्हाड शेजारच्या शारजात, बायको अनुपमा आणि मुलगी मुग्धा. शुक्रवारी शारजाचा रस्ता असा तुंबतो की दोन तास गाडीत कुजण्यापेक्षा इथे बसलेलं बरं, असं त्याने स्वतःला पटवून दिलं होतं. घरच्यांच्या हिशेबी मात्र तो गाडीतच असायचा.

पुढचे धडे त्याने सोडा येईपर्यंत दिले. लवकर आलं की सगळ्या मुली आपल्याकडेच बघतात. दहानंतर सोन्याच्या साखळ्या घातलेले शेठ येतात, मग आपल्याला कुत्रंही विचारत नाही. लाइम सोडा एकच घ्यायचा आणि तो पुरवायचा. दारू नको, घरी वास जातो. स्टेजजवळ जायचं नाही, तशी परवानगीच नाही. आणि हार तर चुकूनही घ्यायचा नाही. हार म्हणजे कापडी फुलांचा. गिऱ्हाइकाने पन्नास दिरहम द्यायचे, वेटरने तो मुलीच्या गळ्यात घालायचा आणि माइकवाल्याने देणाऱ्याचं नाव पुकारायचं. गाणं संपलं की तोच हार काउंटरमागच्या खिळ्यावर परत.

"पन्नास दिरहम, म्हणजे बाराशे रुपये झाले," चारुदत्त म्हणाला. "फुकट हसतायत ना? मग विकत कशाला घ्यायचं?"

निखिलने भीत भीत विचारलं, की सर, पण मजा येते का? चारुदत्त विचारात पडला. पहिल्या दोन-तीन शुक्रवारी छातीत धडधडायचं हे खरं. आता सकाळी दात घासावेत तसा तो येऊन बसायचा. मुलगी त्याच्याकडे बघायची, तो तिच्याकडे बघायचा, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर काही नसायचं.

"बघतात रे आपल्याकडे," तो म्हणाला. "घरी कोण बघतं?"

भीती त्याला एकाच गोष्टीची होती. अनुपमाला कळलं तर ती मुग्धाला घेऊन सरळ पुण्याचं विमान पकडेल. म्हणून पावणेआठला तो न चुकता बाहेरच्या पॅसेजमध्ये जायचा, दार घट्ट लावायचा आणि घरी फोन करायचा. आजही तो वेळेवर उठला. अजून इंडस्ट्रियल एरियाच्या सिग्नललाच आहे, गाडी इंचभर हलत नाहीये, असं त्याने सांगितलं. अनुपमा नुसतं हं म्हणाली. तिच्या मागे मुग्धा कुणाशी तरी इंग्रजीत खिदळत होती.

आत निखिलला उपकाराची फेड करावीशी वाटली. सरांनी नोकरी पक्की केली, आज विश्वासाने सोबत आणलं, आणि स्वतःसाठी तर ते कधी काही घेत नाहीत. बिचाऱ्याचा हेतू चांगलाच होता. त्याने वेटरला बोलावलं आणि सरांच्या नावाने हार सांगितला. वेटर फेलिक्स वसईचा, लाघवी माणूस. या साहेबांचा पहिलाच हार, तोही त्यांच्या माघारी कसा घालायचा, म्हणून तो त्यांना बोलवायला धावला.

"साहेब, आत या लवकर," दार उघडून तो म्हणाला. "तुमच्या नावाने संजनाला हार घालतोय."

त्याच्या पाठोपाठ माइकवाल्याचा आवाज आला. "चारुदत्त साहब की तरफ से, संजनाजी के लिए!"

मग फेलिक्सला साहेबांच्या कानाशी फोन दिसला. त्याने जीभ चावली आणि दार ओढून घेतलं. पण बैल गेला नि झोपा केला, त्यातली गत.

फोन चालूच होता. आता ती ओरडेल म्हणून चारुदत्त डोळे मिटून उभा राहिला. ती ओरडली नाही. तिने ओरडावं असं त्याला फार वाटलं.

"अनुपमा, ऐक, मी सांगतो तुला."

"काय सांगणार? पार्किंगचं अकाउंट माझ्या नंबरवर आहे, चारू. दर शुक्रवारी मेसेज येतो. अल कुसैस, साडेसहा ते साडेआठ."

त्याने मनात शुक्रवार मोजायला घेतले आणि सोडून दिले. वर्ष कधीच उलटून गेलं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"आधी खूप रडले. बॅग पण भरली होती," ती म्हणाली. भाजी काय आणायची ते सांगावं तसा तिचा आवाज होता. "मग लक्षात आलं, तू नसलास की आम्ही दोघी निवांत जेवतो. मुग्धा बोलते माझ्याशी. शुक्रवारी तिला काय काय आठवतं."

पॅसेजच्या भिंतीला त्याने पाठ टेकली.

"मी निघतो आत्ता," तो म्हणाला.

"कशाला? साडेआठपर्यंतचे पैसे भरलेस ना? मग बस तेवढा वेळ."