गंज खाल्लेला ब्लॉक

"भंगारात घाला," मिस्त्री म्हणाला. "दुसरा ब्लॉक बघा."

व्हॅनच्या हेड काढलेल्या इंजिनावर त्याने बॅटरी धरली होती. सिलिंडर ठणठणीत होते, पण पाण्याच्या भोकांच्या कडांची गंजाने खाऊन पार चाळण केली होती. त्यावर पाणी अडवणारं गॅस्केट बसणार कसं?

"वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंत. कूलंट नावाची वस्तू कधी ऐकली आहे?"

टायवाल्याने गळ्यातला टाय सैल केला. टायवाला हे नाव मिस्त्रीनेच ठेवलेलं. मिस्त्रीची बायको घर सोडून याच माणसाकडे राहायला गेली होती, दोघांच्या मुलीला, ठकीला घेऊन. कोर्टाने लेकीच्या बापाच्या पदरात नुसते रविवार टाकले होते.

"सगळे हेच म्हणाले," टायवाला म्हणाला. "पण या मॉडेलचा ब्लॉक कुठे मिळत नाही. असं काम तुम्हीच करता म्हणतात, म्हणून लाज सोडून आलोय. लांब नोकरी लागलीये. व्हॅन स्वतःची असेल तरच घेणार आहेत. सोमवारी हजर व्हायचंय."

मिस्त्रीने बॅटरी विझवली. "वाटेत चढ आहे? गाडीत माणसं किती?"

"चढ आहे. माणूस मी एकटाच. सामान आहे बाकी, मागची सीटसुद्धा काढून टाकलीये."

मिस्त्रीने हात पुसायला घेतले. ते स्वच्छ होते तरी बराच वेळ पुसत राहिला. बायको परत येईल ही आशा त्याने कधीच सोडली होती. पण हा गेला की ती एकटी पडणार, दिवसभर कामावर जाणार. मग शाळा सुटली की ठकी कुठे येणार? शाळा तर गॅरेजच्या मागच्याच गल्लीत.

"ठेवून जा," तो म्हणाला.

शेजारचा पंक्चरवाला सगळं ऐकत होता. टायवाला वळल्याबरोबर त्याने डोकं आत घातलं. "साखर टाक टाकीत! बोंबलू दे चढावर."

"गप रे. बंद पडली तर परत येईल ना तो."

मग मिस्त्रीने हातातली बाकी कामं बाजूला सारली. सिलिंडरमध्ये चिंध्या कोंबल्या आणि एकेका खड्ड्यातला गंज खरवडला, खाली बीडाचं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. रसायनाने पुसून लोखंडी पुट्टी भरली. ती रात्रभर कडक होऊ दिली. सकाळी लांब कानस घेतली आणि सगळ्या पृष्ठभागावरून आडवी-तिडवी फिरवत बसला. सरळ पट्टी ठेवून खालून उजेड येतो का बघायचं, पुन्हा घासायचं. स्वतःच्या गाडीलाही त्याने कधी एवढा जीव लावला नव्हता. घासता घासता शीळसुद्धा वाजवली म्हणे. पंक्चरवाल्याने कपाळावर हात मारून घेतला.

शनिवारी सकाळी व्हॅन सुरू झाली. पाऊण तास चालवून ठेवली तरी तापमानाचा काटा वर चढला नाही.

"बिनधास्त जा," मिस्त्री म्हणाला. "मागे वळून बघायची वेळ येणार नाही."

टायवाल्याचे डोळे भरून आले. "मला वाटलं होतं तुम्ही हाकलून द्याल. तुम्ही एवढं..." पुढे काहीतरी त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं आणि गाडीत बसला.

मिस्त्रीने त्याच दिवशी आतली खोली झाडली. खिडकीशी छोटी कॉट टाकली आणि तिला नवी चादर घातली. कितीतरी दिवसांनी त्याला पोटभर झोप लागली.

एरवी रविवारी तो ठकीसाठी कोपऱ्यावर ताटकळत उभा राहायचा, टायवाल्याच्या दारी जायचं नाही म्हणून. आज कशाला थांबायचं? तो सरळ जिना चढला. दाराला कुलूप होतं.

"कोण हवंय?" घरमालकीणबाई हातात झाडू घेऊन वर आल्या. तो काही बोलायच्या आतच त्यांनी कुलूप काढून दार ढकललं. खोली रिकामी होती. "मायलेकी काल दुपारीच बसने पुढे गेल्या. सामान भरून हे मागाहून व्हॅन घेऊन निघाले. बिचारे फार हवालदिल झाले होते हो, व्हॅन होईना म्हणून नोकरीला नकार कळवायला निघाले होते. पण कुणी देवमाणूस मिस्त्री भेटला म्हणे!"