वेगळं दिसेल ते

बारकीने शेवटचं रोप उपटलं, ढिगावर ठेवलं आणि हात झटकत हाक मारली, "झालं, आजोबा! एकसुद्धा ठेवलं नाही."

आजोबा चष्मा पुसत परसात आले. वाफ्यात हिरवंगार तण तोऱ्यात उभं होतं. आणि विटांवरच्या ढिगात मिरचीची रोपं माना टाकून पडली होती. पुडीतल्या शेवटच्या बियांची.

बारकीची आई दवाखान्यात नर्स. सकाळच्या पाळीला निघायच्या गडबडीत ती दारातून डोकावली आणि तिथेच थबकली.

"अगं, मिरच्या उपटल्यास? सगळ्या? बाबा, तरी मी सांगत होते, हिला वाफ्यात सोडू नका. हिचा हात लागला की वाटोळं!"

बारकीने मातीचे हात पाठीमागे नेले. "आजोबाच म्हणाले, वेगळं दिसेल ते उपट. ही थोडीशीच होती. बाकीची सगळी सारखी होती."

चाळीस वर्षं आजोबांनी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले होते. नवा माणूस हाताखाली आला की त्याला पहिला धडा हाच: वाचत बसू नकोस, ओळीवरून नजर फिरव आणि वेगळा दिसेल तो खिळा चिमट्याने काढ. तोच धडा त्यांनी पाच वर्षांच्या नातीला दिला होता. वाफ्यात तणच जास्त झालंय, हे मात्र त्यांच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना कळलंच नव्हतं. महिनाभर नुसतं हिरवं दिसत होतं आणि तेवढ्यावर स्वारी खूश होती.

"पोरीने सांगितलं तसंच केलंय," ते लेकीला म्हणाले. "चूक माझी."

"कुणाची का असेना, आता ती काही जगत नाहीत." ती डबा भरायला आत गेली.

भिंतीची सावली वाफ्यावरून मागे सरकायला लागली होती. उघड्या मुळांवर ऊन आलं की संपलंच. आजोबांनी बाह्या वर सारल्या, तण मुठी भरभरून उपटलं, माती भिजवली, जुन्या चमच्याने ओळीत खड्डे पाडले.

"बारके, ये."

"नको. माझ्या हाताने वाटोळं होतं."

आजोबांचा चमचा थांबला. मिरच्या जगोत, न जगोत. हे वाक्य पोरीच्या अंगात मुरू द्यायचं नाही, एवढं त्यांनी त्या क्षणी ठरवून टाकलं.

त्यांनी एक रोप उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि खड्ड्यात लावलं. मग दुसरं.

बारकी बघत होती. तिसऱ्याला तिला राहवेना. "अहो आजोबा, उलटं लावताय! मुळं वर आलीत!"

"असं होय? छापखान्यात सगळं उलटंच लावायचो बाई आम्ही."

"हा काय छापखाना आहे? सरका तिकडे!"

ती उकिडवी बसली. आजोबांनी एकदाच दाखवलं: खोड दाबायचं नाही, पानाला धरायचं, मुळं सोडायची, माती हलकेच लोटायची. बारकीची बोटं बारीक. आजोबा खड्डा पाडत, ती रोप सोडी. एक मोडलं, तर ती रडायच्या बेतात आली. "पुढचं," आजोबा म्हणाले. तिने नाक पुसलं, गालाला माती लागली आणि पुढचं उचललं.

ऊन पहिल्या ओळीवर आलं, तसं आजोबांनी त्या ओळीवर ओलं पोतं पसरलं. पोतं एकच होतं. ऊन दुसऱ्या ओळीत शिरलं, तेव्हा आई पायात चपला सरकवत बाहेर आली आणि वाफ्याच्या कडेला उभी राहिली.

"येते मी. बारके, दूध पिऊन घे."

"आई, तिथेच थांब!"

"अगं, बस जाईल माझी."

"तुझी सावली पडलीय यांच्यावर. हलू नकोस ना!"

आईने आजोबांकडे पाहिलं. ते मान खाली घालून खड्डा पाडत होते. बारकीनेही मान वर केली नाही. दोन बोटांत पान धरून ती फुंकर घातल्यासारखी माती लोटत होती.

कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. आईने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि ओळीतली उरलेली रोपं झाकली जातील अशी अर्धं पाऊल डावीकडे सरकली.