बोटं कोणाची?

डॉक्टरांनी इंदूच्या डोळ्यांवरची बॅटरी विझवली आणि तिचा हात हातात घेतला. पाच वर्षांची पोर, पण बोटं केवढी लांब! अंगठा आत घालून मूठ मिटायला लावली, तर अंगठ्याचं टोक दुसऱ्या बाजूने बाहेर आलं.

इंदूची आई भागीरथा पुढे सरकली. डोळे दाखवायला आणलेल्या आपल्या पोरीची बोटं डॉक्टर कशाला बघतात, तिला कळेना. सासू शेजारीच बसली होती. सुंदराबाई. अमरावतीच्या फुलबाजारात जिच्या जिभेला भलेभले वचकून असत, तीच ही. अकोल्याला येताना गाडीत तिने सुनेला एकदाच बजावलं होतं, "तुह्या माहेरचा दोष निंघाला, तर पोरीले घेऊन तिकडूनच तेल्हाऱ्याची मोटार धरजो."

"डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकलंय," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. चष्म्याने थोडं दिसेल, पूर्ण नाही. पुढे काळजालाही जपावं लागेल. हे रक्तातून येतं, या अशा बोटांबरोबरच. घरात अशी बोटं कोणाची?"

भागीरथाने हात पदराखाली ओढले. तिचा ताडमाड उंच भाऊ ऐन तिशीत वखर हाकता हाकता कोसळला होता. त्याचीही बोटं अशीच. खोटं बोलावं तर पोरीचं नुकसान, खरं बोलावं तर भरला संसार मोडला. इकडे आड, तिकडे विहीर. बिचारीला रडूही येईना. शेवटी तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"माही," ती म्हणाली. "माह्या भावाचीबी अशीच होती. तो गेला."

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. "म्हणजे आईकडून आलं."

सुंदराबाई ताडकन उठली. भागीरथाने पोरीला पोटाशी धरलं. तेल्हाऱ्याची मोटार किती वाजता सुटते, हेसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं. सासूने मात्र सुनेचे ते हात आपल्या हातात घेतले, आणि कधी नव्हे ती खालच्या आवाजात बोलली.

"हिचा दोष नाई, डाक्टरसायेब. पोरासाठी अकरा पोरी पाह्यल्या म्या. तोंड एकीचंबी नाई पाह्यलं. हार झपाझप ओवाले लांब बोटं पाह्यजेत, म्हून निस्ती बोटं पाह्यली."