पुढच्या सीटचं वजन

फोन ठेवून वायरमन नवरा कपाळाला हात लावून बसला. "जाड्यानं टांग दिली! कंबर धरलीय म्हणे. परवा निघायचं आणि आज याची कंबर!"

"आत्ताच धरली ते बरं," शिलाई मशीनवरून बायको म्हणाली. "पाण्यात धरली असती म्हणजे?"

बोलली असं, पण आतून ती टुणकन उडालीच होती.

खाडीच्या तोंडाशी राखीव किनारा आहे. तिथं घरी बांधलेली दोन सीटची कयाक होडी घेऊन मासे धरायला जायचं, गाईड नको, टूरवाला नको, सगळं आपलं आपण, असा नवरा आणि जाड्या या दोघा मित्रांचा बेत. तो शिजला कुठं, तर हिच्या कापायच्या टेबलावर. नकाशा पसरायचा, तो उडू नये म्हणून वर हिचीच कात्री ठेवायची आणि गुऱ्हाळ सुरू करायचं. भरतीबरोबर आत शिरायचं, ओहोटीबरोबर बाहेर. गळ टाकायचा तो लाल तरंगत्या पिंपांच्या अलीकडेच, पलीकडे पक्ष्यांची घरटी आहेत. माशाचं पिल्लू गळाला लागलं तर सोडून द्यायचं. होडी खारफुटीला बांधायची नाही. आणि इंजिनाला सक्त बंदी, वल्ही मारा.

बायकोला हे सगळं तोंडपाठ. बाह्या जोडता जोडता ती मनानं कितीदा तरी खाडीच्या त्या चिंचोळ्या फाट्यातून आत जाऊन आली होती. मासे लागोत न लागोत, तिला त्याचं काही नव्हतं. इंजिन नाही म्हणजे आवाज नाही, एवढ्यावर तिचा जीव अडकला होता. दिवसभर कानाशी मशीनची खडखड. पाण्यावर बसून एकदा काहीही ऐकायचं नाही, बस्स.

पण बोलणार कुठल्या तोंडानं? होडीच्या फळ्या घरात आल्या त्या दिवशी जाड्यादेखत तिनंच ठणकावलं होतं, "तुमचं हे खूळ तुमच्यापाशी ठेवा. मला त्यात ओढायचं नाही." नवरा असा आज्ञाधारक, की त्यानं पुन्हा नाव काढलं नाही.

"म्हणजे पुढची सीट आता रिकामी," ती सुईत दोरा ओवत म्हणाली, अगदी सहज.

"तेच तर! पुढं कोणी नसलं की होडीचं नाक वर उठतं. जरा वारा आला की गिरकीच घेते. पुढं वजन हवंच."

तिचा दोरा सुईच्या नाकाशीच थांबला.

"तू एक कर," तो म्हणाला. "जाड कापडाची पिशवी शिवून दे. वाळू भरून ठेवतो पुढं."

"जाड्याएवढी वाळू?"

"छे, तेवढी कशाला." गिऱ्हाइकाकडे ती पाहते तसं त्यानं तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "तुझ्याएवढं वजन असलं की बास."

आता काय म्हणावं? माणूस वाईट नाही हो. जगाच्या घरात उजेड पाडत हिंडतो, स्वतःच्या डोक्यात तेवढा दिवा लागत नाही.

"माप घ्यावं लागेल," ती म्हणाली.

कयाक दोन स्टुलांवर आडवी पडली होती, अर्धी खोलीत, अर्धी बोळात. नवरा दुकानात गळ आणायला गेल्यावर ती टेप घेऊन पुढच्या सीटवर चढून बसली. पाय लांब केले. सीट तिला अशी बसली, जशी तिच्याच मापानं कापली असावी. समोर खिडकीत शेजारच्यांची भिंत होती. तिनं हात कडेवरून खाली सोडला, पाणी असतं तिथपर्यंत. बोटांना काहीच लागलं नाही. तिला एकदम रडू आलं, लहान पोरीसारखं. मग ती उतरली आणि कापड बेतायला बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं वाळू आणली, पिशवी गळ्यापर्यंत भरली, तोंड आवळून बांधलं आणि "हं!" करून उचलली. सीटपर्यंत पोचायच्या आत पिशवीचा तळ सुटला. सगळी वाळू फरशीवर, त्याच्या पायावर, मशीनखाली.

तो बघतच राहिला. गिऱ्हाईक सुटेल, कापड विरेल, पण हिची शिवण उसवायची नाही, अशी हिची ख्याती.

"तुझी शिवण उसवली? तुझी?"

तो उकिडवा बसला आणि वाळूतलं दोऱ्याचं एक टोक त्यानं ओढलं. अख्खा दोरा सरसर हातात आला. शिंपिणीशी इतकी वर्षं संसार केलेला माणूस, एवढं त्याला कळत होतं.

"अगं, हा तर नुसता धावदोरा. हातानं घातलेला."

"हो."

"वाळूच्या पिशवीला धावदोरा?"

"माप बसतंय की नाही ते बघेपर्यंत कच्चाच दोरा घालतात," ती म्हणाली. "पक्कं मागाहून." मग तिचा आवाज जरा फाटलाच. "आणि त्या सीटवर माझं माप बसतं. मी बसून पाहिलंय."

त्यानं दोऱ्याकडे पाहिलं, रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग तिच्याकडे. दोरा त्यानं बोटाला गुंडाळला.

"पुढं पाणी फार उडतं हं," शेवटी तो म्हणाला.

तिनं कोपऱ्यातला झाडू उचलला.

"मी काय मिठाची आहे, विरघळायला?"