थंड पिशवी

सौरवादळाने सांगलीची वीज घालवली, तेव्हा दमयंती काकडे हाताने फिरवायचा, ऐकता-बोलता येणारा रेडिओ घेऊन गॅलरीत बसल्या. अशी वादळं आता वर्षातून तीनचारदा यायची, म्हणून त्यांत तगून राहायच्या सामानाची पेटी वर्गणीदारांना दरमहा घरपोच मिळायची. दमयंतीबाई त्या पेट्या हौसेने जमवायच्या, पण रेडिओची सोडली तर एकही उघडायच्या नाहीत.

रेडिओवर आवाज आला. "मी विश्रामबागेतून इरफान मुजावर, पेटीचा वर्गणीदार. बायकोचं इन्सुलिन गरम व्हायला लागलंय आणि आमची थंड पिशवी फाटलीय. कोणाकडे आहे का?"

पाण्यात भिजवली की गार राहणारी ती पिशवी अगदी पहिल्या पेटीत आली होती. तशी सीलबंद पेटी आता शोधूनही सापडत नव्हती. दमयंतीबाईंनी तिच्यावरून एकदा हात फिरवला, सुरीने सील कापलं आणि सायकल काढली.

मुजावरांच्या दारात चार सायकली आधीच उभ्या होत्या. आत चार अनोळखी माणसं तसलीच कोरी पिशवी हातात धरून ओशाळं हसत होती.

"तुम्हीपण सील फोडलंत?" एकाने विचारलं.

"आत्ताच. जिवावर आलं होतं हो."

सगळेच हसत सुटले. इरफानच्या बायकोने, रुबीनाभाभींनी, एका पिशवीत इन्सुलिन ठेवलं आणि उरलेल्या चार पाहून फिरनीचं पातेलं आणून त्यांच्यावर ठेवलं.

"ही गार होईपर्यंत कोणी उठायचं नाही," त्या म्हणाल्या.

दमयंतीबाईंनी शेजारी बसलेल्या बाईंना पत्ता विचारला. त्या बाई दमयंतीबाईंच्याच गल्लीत राहत होत्या.