बिस्किटी रंगाचा प्लग

जुनी स्कूटर घ्यायला लांज्याला जायचं म्हणून आगाशे सरांनी आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले होते. स्पार्क प्लग काळा, तेलकट निघाला तर इंजिन कामातून गेलं आणि बिस्किटाच्या रंगाचा निघाला तर इंजिन ठणठणीत, हे त्यांना आता तोंडपाठ होतं.

दुकानात जुन्या स्कूटर विकणाऱ्या बाबूने स्कूटरचा प्लग खोलून त्यांच्या हातावर ठेवला. सरांनी चष्मा कपाळावर चढवून तो उलटसुलट पाहिला. अस्सल बिस्किट!

"अहो, एकदा चालवून तरी बघा," बायको म्हणाली.

"हेमा, माणूस खोटं बोलेल, प्लग बोलणार नाही," असं म्हणून सरांनी तिथल्या तिथे व्यवहार उरकला.

बाबू तर सरांच्या ज्ञानावर भलताच खूश झाला. "जुना प्लग कशाला नेताव, सर? तुमच्यासारख्या जाणकाराला नवाकोरा बसवून देतो, फुकट!"

सरांनी ऐटीत स्कूटर सुरू केली. मागे निळ्या धुराचा लोट उठला. खोकत खोकत हेमाने मागे वळून पाहिलं.



"अहो, तुमचा तो खरं बोलणारा प्लग बाबू आता शेजारच्या स्कूटरला बसवतोय."