भरल्या पोटी

मेघनाने रुचाच्या तोंडात बोट घालून दूधभाताचा घास बाहेर काढला. सासूच्या, शेवंतीबाईंच्या हातातली वाटी हिसकावून मोरीत ओतली. रुचा अजून भात हवा म्हणून रडायला लागली.

सहा वर्षांच्या रुचाला तान्ही असल्यापासून फिट यायच्या. परळच्या डॉक्टरबाईंनी तिचा भात, चपाती, साखर बंद केली. लोणी, खोबरेल तेल, अंडी, मासे, एवढंच खायचं. पावसाळाभर एकही फिट आली नाही. या आठवड्यात त्या पुन्हा सुरू झाल्या. मेघना ऑफिसला गेली की आजी नातीला चोरून भरवते, हे तिला आज कळलं.

ती सासूला घेऊन सरळ डॉक्टरबाईंकडे गेली. त्यांनीच चार शब्द सुनावावेत, असं तिच्या मनात होतं.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. भाताची साखर होऊन ती रक्तात उतरते, पण रुचाच्या मेंदूत साखर जायची वाट जन्मापासूनच अरुंद आहे, असं त्यांनी समजावलं. पोट भरतं, मेंदू उपाशी राहतो, म्हणून झटके येतात. तेला-लोण्यातून शरीर जे दुसरं इंधन तयार करतं, ते मात्र मेंदूपर्यंत पोचतं. भात खाल्ला की ते तयार होणंच थांबतं.

"हे कधी कधी घराण्यात असतं. तुमच्यात आणखी कुणाला फिट यायच्या?"

मेघना नाही म्हणणार होती.

"अजितला," शेवंतीबाई म्हणाल्या. "धनेशच्या आधीचा माझा."

नवऱ्याला मोठा भाऊ होता, हे मेघना पहिल्यांदाच ऐकत होती. अशक्तपणामुळे होतंय, असं तेव्हा सगळे सांगायचे. झटका ओसरला की शेवंतीबाई त्याला साखरपाणी पाजायच्या, मऊ भात भरवायच्या. वडील मिलमधून येताना जिलबी आणायचे. आठव्या वर्षी पोर गेलं.

त्याला हेच होतं असं आता सांगता येणार नाही, डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. शेवंतीबाईंनी मान हलवली. मेघनाने त्यांचा हात धरला.

"आम्ही अर्धपोटी राहून त्याला पोटभर घातलं गो," त्या तिला म्हणाल्या. "आणि तो माझ्या मांडीवर उपाशी गेला."